बारा वर्षांच्या मुलीसाठी एअर रायफल रेंज निवडायची आहे : सुरक्षा, शिष्टाचार आणि पहिली खरेदी यांविषयी सल्ला हवा

करवीर_पालक

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राहतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले, त्या दिवसापासून माझ्या मुलीने नेमबाजी शिकण्याचा ध्यास घेतला आहे. ती आता बारा वर्षांची आहे आणि या सुट्टीत तिला दहा मीटर एअर रायफलच्या वर्गाला घालण्याचे आम्ही ठरवले आहे. दोन रेंज पाहून ठेवल्या आहेत. एक मोठी आहे, तिथे पुष्कळ लेन (एकेका नेमबाजाच्या उभे राहण्याच्या जागा) आणि इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहेत, पण ती घरापासून लांब आहे. दुसरी आमच्या घराजवळच आहे, तिथे चारच लेन असून टार्गेट कागदाचे आहे.

माझ्या घरात यापूर्वी कोणी बंदूक हातात धरलेली नाही, त्यामुळे मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रेंज सुरक्षित आहे की नाही हे माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसाने कशावरून ओळखावे? मुलीने आणि मागे बसणाऱ्या मी तिथे कसे वागावे? आणि फी सोडून पहिल्या तीन महिन्यांत काय विकत घ्यावे? खरेदीसाठी माझ्याकडे सहा हजार रुपये आहेत, त्यापेक्षा अधिक आत्ता शक्य नाही.

दशांश_नऊ

ताई, माझा मुलगा चार वर्षे खेळतो आहे आणि दोनदा राज्य स्पर्धेत उतरला आहे, म्हणून अनुभवाने सांगतो, की पहिल्याच वर्षी स्वतःची रायफल घ्या. आम्ही सुरुवातीला क्लबच्या रायफलवर सहा महिने घालवले. ती दिवसभरात पाच मुले वापरत, प्रत्येक जण गालाचा टेका आणि पाठीमागचा दस्ता आपल्या मापाला फिरवून ठेवत असे आणि आमच्या मुलाची पहिली वीस मिनिटे पुन्हा माप लावण्यातच जात. शेवटी आम्ही वॉल्थर कंपनीची रायफल घेतली. दोन लाखांच्या वर खर्च आला, पण पुढच्या दोन महिन्यांत त्याचा स्कोअर स्पष्टपणे वाढला. जॅकेट आणि पँटही मापाने शिवून घ्या. रेंज मात्र मोठीच निवडा, कारण स्पर्धेतही इलेक्ट्रॉनिक टार्गेटच असते.

पाटीलवाडा

ताईंचे अंदाजपत्रक सहा हजारांचे आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. शिवाय वाढत्या वयाच्या मुलीला आज घेतलेले जॅकेट पुढच्या वर्षी बसणार नाही. मी स्वतः पिस्तूल खेळतो आणि नवख्या मुलांना पिस्तूलच सुचवतो, कारण त्याला जॅकेट, पँट, बूट यांपैकी काहीच लागत नाही.

दशांश_नऊ

एका हाताने पिस्तूल तोलून धरणे बारा वर्षांच्या मुलीला जड जाते. रायफलला निदान दोन हातांचा आणि खांद्याचा आधार असतो. मुलीने रायफल म्हटले आहे, तर रायफलच द्यावी.

जुना_नेमबाज

खरेदीचा वाद थोडा बाजूला ठेवून ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तोच महत्त्वाचा आहे आणि मी त्याची किंमत मोजलेली आहे.

रेंजवर जाऊन अर्धा तास नुसते बसा आणि कोणी नेम धरलेला नसताना बंदुका कशा असतात ते पाहा. शॉट मारताना सगळेच काळजी घेतात. दोन शॉटच्या मधल्या वेळेत, पाणी पिताना, मैत्रिणीशी बोलताना, बॅग उघडताना नळीचे तोंड कुठे आहे आणि बोट चापावर आहे की बाहेर, यावरून ती रेंज कळते. बॅग मागच्या बाकावर उघडून रायफल हातात घेऊन लोक पालकांच्या खुर्च्यांमधून पुढे चालत येत असतील, तर तिथून उठून या. बॅग लेनवर नेऊन, नळीचे तोंड टार्गेटकडे करूनच उघडायची असते.

आता माझी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सरावाच्या शेवटी मी रायफलचा छर्रा भरण्याचा लिव्हर उघडला, अंगठ्याने छर्रा नळीत ढकलला आणि तेवढ्यात शेजाऱ्याने काहीतरी विचारले. मी उत्तर दिले, लिव्हर मिटला, वेळ संपली म्हणून रायफल बॅगेत ठेवली आणि घरी गेलो. त्या रायफलमध्ये मी सेफ्टी फ्लॅग कधीच घालत नव्हतो, कारण आमच्याकडे कोणीच घालत नव्हते. दुसऱ्या दिवशी घरी होल्डिंगचा, म्हणजे रायफल स्थिर धरण्याचा, सराव करताना, रायफल रिकामी आहे या समजुतीने मी चाप दाबला आणि छर्रा कपाटाच्या दाराच्या फळीत घुसला. माझी तीन वर्षांची भाची त्याच कपाटासमोर खेळत असे. त्या क्षणी ती आत आजीजवळ होती, एवढाच काय तो फरक. फळीतले ते भोक मी आजतागायत बुजवलेले नाही.

फ्लॅग म्हणजे केशरी किंवा तशाच भडक रंगाची नायलॉनची दोरी असते. एअर रायफलमध्ये ती मागून घातली, की नळीच्या पुढच्या तोंडातून बाहेर दिसली पाहिजे. नळीत छर्रा अडकलेला असेल तर दोरी पुढे जातच नाही, आणि दोरी आत असताना लिव्हर मिटत नाही. माझ्या त्या रायफलमध्ये दोरी घालण्याची सवय असती तर छर्रा तिथेच सापडला असता. आंतरराष्ट्रीय नियमांत फ्लॅग सक्तीचा आहे आणि स्पर्धेआधीच्या सरावाच्या पंधरा मिनिटांची सुरुवात पुकारली जाईपर्यंत तो काढता येत नाही.

छर्रा_४५

एअर रायफलसाठी एवढी धास्ती घेण्याची गरज नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते. ही शेवटी छऱ्याची बंदूक आहे. ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि वीस ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअरगनला २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाही लागत नाही. आमच्या शाळेत आम्ही फ्लॅगशिवाय शिकलो आणि कोणाला काही झाले नाही.

जुना_नेमबाज

परवाना लागत नाही म्हणजे इजा होत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने निघतो. तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. आपल्या शाळेत काही झाले नाही याचा मला आनंद आहे, पण माझ्याही बाबतीत त्या दिवसापर्यंत काही झालेले नव्हते.

सांगलीची_सई

जुना_नेमबाज काकांनी सांगितले तेच मीही सांगणार होते, फ्लॅग हवाच. त्यात एक भर घालते. लाइनच्या, म्हणजे जिथे उभे राहून नेम धरतात त्या रेषेच्या, पुढे कोणी गेले असेल, मग ते टार्गेटचा कागद बदलायला का असेना, तेव्हा कोणीही बंदुकीला हात लावायचा नाही, बंदूक फ्लॅग घालून टेबलावर ठेवायची आणि स्वतः एक पाऊल मागे यायचे. कागदी टार्गेट दोरीने ओढून घेता येणारे असेल तर पुढे जाण्याची वेळच कमी येते, म्हणून चार लेनच्या रेंजवर हे यंत्र चालू आहे का ते पाहून घ्या. आणि धोका दिसला तर ‘स्टॉप’ म्हणण्याचा अधिकार लहान मुलीलाही असतो, हे तिला पहिल्या दिवशी सांगा. चुकून म्हटले तरी तिला कोणी रागावता कामा नये.

पालकांनी मागे बसून सूचना द्यायच्या नाहीत. ‘डावीकडे गेला, थोडं उजवीकडे घे’ असे आई मागून म्हणाली, की मूल बंदूक हातात असतानाच मागे वळते. आमच्याकडे असे दोनदा झाले आहे. मोबाइल बंद ठेवा, फोटो लाइनच्या मागून आणि फ्लॅशशिवाय घ्या. दुसऱ्याच्या वेपनला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, अगदी बाजूला सरकवण्यासाठीसुद्धा.

पाटीलवाडा

फोटोच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. इतर मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकले जातात, त्याला रेंजने बंदीच घालावी.

दशांश_नऊ

आम्ही मुलाचे शॉट चित्रित करूनच त्याची मान वाकडी होत असल्याचे ओळखले. सरसकट बंदी योग्य नाही.

प्रयोगशाळा_सहायक

शिसे या विषयावर अद्याप कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. छर्रे शिशाचे असतात. ते हाताळताना बोटांना काळसर डाग पडतात, आणि टार्गेटमागच्या पेटीत आदळून त्यांची भुकटी होते. मुलांच्या शरीरात पोटावाटे गेलेल्या शिशाचा मोठा भाग शोषला जातो, म्हणून मोठ्यांपेक्षा मुलांना जपायला हवे. रेंजवर जेवणाचा डबा उघडायचा नाही, नखे खायची नाहीत, छर्रे ओठांत धरायचे नाहीत. मी एका ठिकाणी चांगल्या खेळाडूला दोन छर्रे ओठांत धरून भराभर भरताना पाहिले आहे. सराव संपला की साबण आणि गार पाण्याने हात आणि तोंड धुवायचे, मग पाण्याची बाटली. घरी आल्यावर रेंजचे कपडे वेगळे धुवायचे.

ताई, रेंज झाडतात कशाने, हे जरूर विचारा. कोरड्या केरसुणीने झाडणारी रेंज शिशाची धूळ पुन्हा हवेत उडवते. ओल्या फडक्याने पुसत असतील आणि टार्गेटच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल, तर निम्मी काळजी मिटली.

करवीर_पालक

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट लिहायची राहिली होती, मुलगी डावखुरी आहे. त्याने काही फरक पडतो का?

जुना_नेमबाज

बराच फरक पडतो. उजवा रायफलवाला डावा खांदा टार्गेटकडे करून उभा राहतो आणि त्याचे तोंड उजवीकडे असते. डावखुरी मुलगी त्याच्या उजव्या लेनमध्ये उभी राहिली तर दोघे समोरासमोर येतात, दोघांचेही लक्ष विचलित होते आणि दोघांचीही कोपरे एकमेकांच्या जागेत घुसतात. तिला डावीकडची पहिली लेन मागून घ्या. मग तिचे तोंड भिंतीकडे आणि पाठ शेजाऱ्याकडे राहील. मात्र हात डावा असला तरी डोळा कोणता प्रबळ आहे ते आधी तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठा आणि तर्जनीच्या गोलातून दूरची वस्तू पाहायला सांगा आणि एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याने वस्तू गोलातच राहते तो प्रबळ.

दशांश_नऊ

मग तर स्वतःची रायफल घ्यायलाच हवी. क्लबच्या रायफलचा लाकडी दस्ता आणि हाताची मूठ उजव्या हाताच्या आकाराची असते. डावखुऱ्या मुलीने त्यावर शिकले तर पुढे सगळे मोडून पुन्हा शिकावे लागेल.

पाटीलवाडा

पिस्तुलाची मूठही डाव्या हाताची वेगळी लागते, हे मान्य करतो. पण नुसती मूठ बदलता येते, संपूर्ण पिस्तूल बदलावे लागत नाही.

सांगलीची_सई

दोन्ही हातांना चालेल अशा सरळ दस्त्याच्या रायफली नवशिक्यांसाठी असतात. क्लबमध्ये एक तरी आहे का ते विचारा. आणि मी वर सांगितले तसे, फ्लॅग हवाच. मोठ्या रेंजलाच जा, तिथे साधनांची निवड असते.

छर्रा_४५

मोठी रेंज या मुद्द्यावर मीही सहमत आहे. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबतांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, ही कोल्हापूरची परंपरा आहे. मुलीला पहिल्यापासून स्पर्धेचे वातावरण मिळायला हवे. रायफलच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख मात्र जरूर पाहून घ्या. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत दाब असतो आणि उत्पादक त्याला साधारण दहा वर्षांची मुदत देतात. आमच्या शाळेतले सिलिंडर किती जुने होते हे तेव्हा कोणी पाहिले नाही, हे लिहिताना आता जाणवते आहे.

करवीर_पालक

दोन्ही रेंजवर अर्धा-अर्धा तास बसून आले आणि निर्णय झाला, म्हणून कळवते.

मोठ्या रेंजवर व्यवस्था उत्तम आहे, पण मी बसले तेवढ्या वेळात दोन मुले रायफल आडवी धरून गप्पा मारत होती. त्यांपैकी एकाच्या रायफलच्या नळीचे तोंड माझ्या गुडघ्यांकडे होते. फ्लॅग दिसला नाही. प्रशिक्षक फोनवर बोलत होते. त्यांचा वाईट हेतू मुळीच नव्हता, गर्दीच तेवढी होती.

घराजवळच्या रेंजवर एक सात-आठ वर्षांचा मुलगा, बहुधा कोणाचा तरी धाकटा भाऊ, घरंगळलेला छर्रा उचलायला लाइनच्या पुढे वाकला. तिथल्या मॅडमनी ‘स्टॉप’ म्हटले. तिन्ही रायफली टेबलावर गेल्या, दोन नळ्यांतून केशरी दोऱ्यांची टोके बाहेर आली, मुले एक पाऊल मागे सरली आणि मॅडमनी त्या मुलाला हात धरून मागे आणले. आवाज चढवला नाही. त्यानंतर त्यांनी तिघांना विचारले, की छर्रा भरलेला कोणाच्या नळीत होता. एका मुलीने हात वर केला. मॅडमनी स्वतः जवळ उभे राहून तिच्याकडून तो टार्गेटच्या दिशेने सोडवून घेतला आणि मगच सराव पुन्हा सुरू केला.

तिथे फरशी ओल्या फडक्याने पुसतात. सिलिंडरची मुदत अजून चार वर्षांनी संपते. दोरीचे यंत्र एका लेनचे बंद आहे, ते दुरुस्त होईपर्यंत ती लेन वापरत नाहीत. डावखुऱ्यांची रायफल नाही, सरळ दस्त्याची एक आहे, आणि पहिली लेन मुलीला देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. मुलीचा प्रबळ डोळा डावाच निघाला.

आपणा बहुतेकांचा सल्ला मोठ्या रेंजचा होता, तरी आम्ही ही चार लेनची रेंज निवडली आहे. खरेदी म्हणाल तर संरक्षक चष्मा, तिचा स्वतःचा फ्लॅग, छऱ्यांचे दोन डबे आणि सपाट तळाचे साधे बूट एवढेच घेतले. सहा हजारांतले निम्म्याहून अधिक पैसे शिल्लक आहेत. ते सध्या तसेच ठेवणार आहे.

दशांश_नऊ

निर्णय आपला आहे आणि मुलीला शुभेच्छा. तरी सहा महिन्यांनी रायफलचा विचार जरूर करावा, डाव्या हाताची मागवली तर यायला वेळ लागतो.

प्रयोगशाळा_सहायक

साबण रेंजवर ठेवलेला असतो का, ते पाहिलेत का?

करवीर_पालक

नव्हता. आमच्या घरातली एक वडी साबणदाणीसह तिथल्या बेसिनवर ठेवून आले आहे.