पाच सूर तेच, मग चेन यी यांना जमलं ते माझ्या लेकीला का जमेना?

दांडियाबाजारची आई:
बडोद्याची मंडळी, मदत हवी आहे. लेक लहानपणापासून हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकते, हल्ली पियानोही. मध्यंतरी तिनं चेन यी या चिनी बाईंची ‘दुओ ये’ ही पियानो रचना ऐकली आणि तेव्हापासून एकच ध्यास, आपणही असं लिहायचं. उजव्या हाताला भूपाची (सा रे ग प ध एवढ्याच पाच सुरांचा राग) बंदिश, डाव्या हाताला सी, एफ, जी या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-तीन सूर. पियानोच्या सरांना आवडलं. व्हायोलिनच्या गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “सूर भूपाचे आहेत, पण भूप नाही.” पोरीनं वही मिटली ती मिटलीच.

तिचं म्हणणं, चिनी संगीतातही हेच पाच सूर. मग त्या बाईंनी नेमकं काय केलं?

राजमहाल रोड:
कॉर्डच काढा. डाव्या हाताला नुसते सा आणि प धरा. निम्मी कटकट तिथंच मिटेल.

व्हायोलिनवाली मावशी:
ताई, गुरुजींचं बरोबर आहे, आणि मुलीनं विचारलंय तेही विचारायलाच हवं.

आधी तिच्या डाव्या हाताकडे बघा. सी म्हणजे सा धरला, तर एफच्या कॉर्डमध्ये म ध सा येतात आणि जीच्या कॉर्डमध्ये प नी रे. भूपात म आणि नी वर्ज्य! उजव्या हातानं जे कटाक्षानं टाळलं, ते डाव्या हातानं दर दोन मात्रांनी आत आणलं. आणि नुसत्या पाच सुरांवर राग ठरत नाही हे तिला ठाऊक असणार. देशकार रागही याच पाच सुरांचा, पण तिथं जोर धैवतावर आणि भूपात गंधारावर.

आता चेन यी. जन्म 1953, ग्वांगझोऊ. आईवडील डॉक्टर, घरात पाश्चात्य संगीत, तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सुरू. सांस्कृतिक क्रांतीत ते संगीत वाजवणंच धोक्याचं झालं, तेव्हा ही मुलगी व्हायोलिनला आवाज दाबणारा म्यूट लावून आणि पियानोच्या हातोड्यांपाशी पांघरूण कोंबून रियाज करायची. पुढे खेड्यात दगडमाती वाहायला पाठवलं, तर व्हायोलिन बरोबर नेलं. शेतकऱ्यांची बोली आणि गाणी तिथं कानात बसली. परतल्यावर ग्वांगझोऊच्या पेकिंग ऑपेरा मंडळात सुमारे 8 वर्षं वाद्यवृंदाची प्रमुख व्हायोलिनवादक. त्या ऑपेरात जिंगहू नावाचं दोन तारांचं वाद्य गायकाच्या गळ्याला धरून चालतं, गज दोन तारांच्या मधून फिरतो. मग बीजिंगची सेंट्रल कॉन्झर्व्हेटरी. रचनेच्या विद्यार्थ्यांना तिथं लोकगीतं पाठ करावी लागत, गावागावांत जाऊन ऐकावी लागत. 1986 मध्ये रचना या विषयात मास्टर्स पदवी घेणारी ती चीनमधली पहिली स्त्री. नंतर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट, आणि 1998 पासून मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत शिकवणं.

‘दुओ ये’ 1984 ची. दक्षिण चीनमधल्या ग्वांगशीतल्या डोंग लोकांचा शेकोटीभोवतीचा नाच, त्यात एकजण गातो आणि कडं करून नाचणारे तेच शब्द घोळवत साथ देतात. हा सवाल-जवाब त्यांनी पियानोत आणला. हे मुलीला समजावायला नकोच. पोळातल्या, म्हणजे जुन्या वाड्या-गल्ल्यांतल्या, शेरी गरब्यात एक बाई गवडावते (ओळ आधी गाते) आणि बाकीच्या झीलतात (तीच ओळ मागून गातात), ते ऐकतच ती वाढली असेल.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ‘बा बान’. ही जुनी चिनी चाल 8 ओळींची, दर ओळ 8 मात्रांची, पण पाचवीला 4 मात्रा जास्त, एकूण 68. ओळीच्या आत कुठं 3+2+3, कुठं 5+3. चेन यी हीच मोजणी पाश्चात्य वाद्यांसाठीच्या रचनांच्या पोटात घालतात, अगदी मूळ चाल कानाला ओळखू येत नसली तरी. 1999 साली याच नावाची पियानो रचनाही लिहिली. मुलीनं बंदिशीचे सूर उचलले. मुखडा कुठून उठतो, समेवर कसा येतो, गंधारावर किती थांबतो, हे मात्र मागंच राहिलं. खरा भूप तिथं आहे.

न्यायमंदिराजवळ:
मावशींच्या उत्तरात आपल्या गावाची भर घालतो. 1886 मध्ये गायक मौलाबक्षांनी इथं गायनशाळा सुरू केली आणि देशी चिजांसाठी स्वरलिपी तयार केली. त्यांचे चिरंजीव पाश्चात्य संगीत शिकायला लंडनला गेले होते. बडोद्यात दोन्हीकडचं शिकणाऱ्या मुलीला ‘हे कशाला’ म्हणणारं कुणी भेटलं, तर हे सांगा.

दांडियाबाजारची आई:
मावशी, तिला वाचून दाखवलं. लगेच विचारते, पियानोवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, कशी काढू? व्हायोलिनवर मी ध वरून ग पर्यंत एका बोटानं येते, पियानोला तर मधले सूरच नाहीत.

व्हायोलिनवाली मावशी:
पियानोवर मींड निघत नाहीच, तो हट्ट सोडायचा. चेन यी लोकगायकाच्या गळ्याचं सुरावरून सुरावर घसरत जाणं मुख्य सुराला चिकटून येणाऱ्या झटपट छोट्या सुरांनी सुचवतात. आपल्याकडे कण आहेतच. ध सोडताना पंचमाचा कण घेऊन ग वर उतरायचं, आणि ग वाजल्यावर हात उचलायची घाई करायची नाही, पेडल दाबून त्याला पूर्ण विरू द्यायचं. डाव्या हाताला कॉर्डऐवजी बंदिशीचाच तुकडा द्या, दोन मात्रा उशिरा, झीलल्यासारखा.

सगळी रचना एकदम लिहायला घेऊ नका. आधी अस्थायीची पहिली ओळ. ती गुरुजींसमोर वाजवून घ्या आणि ते कुठं थांबवतात ते वहीत टिपा. अंतऱ्याचं त्यानंतर बोलू, इथंच लिहा.