अनुभव धागा : विद्यार्थी फिल्म करताना जॉनर कसा ठरवलात?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ राहते, मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या सहाजणांच्या गटाला दहा मिनिटांची फिल्म करायची आहे आणि तीन आठवडे एकाच प्रश्नावर घोडं अडलंय : जॉनर कुठला? दोघांना हॉरर हवाय, दोघींना माहितीपट, एकाला थ्रिलर. मला आजीच्या घरावर काहीतरी करायचंय, पण ते कुठल्या प्रकारात बसतं तेच कळत नाही. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यातच होतो, त्यामुळे शाळेत असल्यापासून आम्ही पणजीत रांगा लावून देशोदेशीचे सिनेमे बघितले. आता स्वतः करायची वेळ आली, तर पहिल्याच पायरीवर थांबलोय. ज्यांनी कॉलेजात फिल्म केली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आधी गोष्ट सुचली की आधी जॉनर ठरला? आखणीत काय राहून गेलं? फसलेलंही लिहा, त्याची आम्हाला जास्त गरज आहे.

कुळागर

आम्ही हॉरर केला, कारण मैत्रिणीच्या आजोबांचं दिवाडी बेटावरचं जुनं बंद घर फुकट मिळत होतं. घर मिळालं म्हणजे अर्धी फिल्म झाली असं आम्ही धरून चाललो. पहिल्याच रात्री कळलं की अंधार दाखवायलाही उजेड लागतो. आमच्याकडे दोन छोटे एलईडी पॅनल. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) 6400 वर नेला, तर भिंतीवर मुंग्या चालल्यासारखे दाणे दिसायला लागले. त्या रात्रीचं सगळं फुटेज टाकून दिलं.

मग तिन्हीसांजेवर आलो. सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाशात निळा उजेड असतो, तेवढा खिडकीतून पुरतो. रोज जेमतेम दोन शॉट मिळायचे, त्यामुळे चार दिवसांचं शूटिंग नऊ दिवस चाललं आणि रोज फेरीबोटीची धावपळ.

पण आमची भीती चित्रात नव्हतीच, ती आवाजात सापडली. त्या घराच्या दाराला आतून लाकडी अडसर होता. सरकवला की आधी कोरडा खरखरायचा, मध्येच क्षणभर गप्प व्हायचा आणि शेवटी भिंतीतल्या भोकात जाऊन ठक्कन आपटायचा. रेकॉर्डर हातभर अंतरावर धरून तो आवाज आम्ही बावीस वेळा घेतला. आमच्या फिल्ममध्ये भूत एकदाही दिसत नाही. घरात कुणी नसताना अडसर सरकतो, एवढंच. हॉरर करणार असाल तर पावसाळ्यात शूटिंग ठेवू नका. बेडकांच्या ओरडण्यात असा बारीक आवाज हाती लागत नाही.

तिसरी घंटा

आमचा कौटुंबिक ड्रामा होता, तो विनोदी झाला, आणि त्याला कारण आमचे नट. गोव्यात अभिनेत्यांची वानवा नाही. गावोगावी जत्रेला, काल्याला मराठी नाटक असतंच. माझे काका तीस वर्षं रंगमंचावर उभे राहतात, त्यांनाच वडिलांचं काम दिलं. पण त्यांचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी घडलेला, आणि कॅमेरा होता नाकासमोर. पहिल्या दिवसाचं फुटेज बघताना गंभीर प्रसंग खोटा वाटत होता.

काकांना बदलायची माझी हिंमत नव्हती, इच्छाही नव्हती. मग गोष्टच बदलली : जत्रेच्या आदल्या रात्रीची तालीम, पाठांतर न झालेला राजा आणि झोपाळलेला प्रॉम्प्टर. क्लोजअप कमी केले, लांबून अख्खा मांड, म्हणजे खेळ होतो ती जागा, दिसेल असे शॉट घेतले. त्यात काकांचा आवाज अगदी चपखल बसला. एकाच हळव्या क्लोजअपला त्यांना म्हटलं, "काका, हे माझ्या एकट्याच्या कानात सांगा." तिसऱ्या टेकला त्यांनी असं सांगितलं की बूम माइक धरलेला मुलगा रडला.

विनोदी फिल्मला संकलनाचा वेळ दुप्पट धरा. एका जागी आम्ही बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, कापला आणि तोवर कोरडा जाणारा प्रसंग वर्गात हशा घेऊन गेला.

साळावलीकाठ

आमचा माहितीपट, कुर्डीवर. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्यात गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर तिथल्याच. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की घरांची जोती, विहिरी, वाटा वर येतात आणि उठून गेलेली माणसं सोमेश्वराच्या उत्सवाला परत जमतात. पाऊस लागला की गाव पुन्हा पाण्याखाली. म्हणजे शूटिंगच्या तारखा आमच्या हातात नव्हत्याच. विषय जानेवारीत सुचला म्हणून निभावलं, जूनमध्ये सुचला असता तर वर्ष गेलं असतं.

आम्ही चौदा प्रश्न लिहून नेले होते. निवेदनसुद्धा आधीच तयार होतं, याचं आज वाईट वाटतं. एका आजींना खुर्चीवर बसवून विचारायला लागलो, तर त्या प्रत्येक प्रश्नाला "बरें आसलें" एवढंच म्हणायच्या. शेवटी आभार मानले. त्या उठून स्वतःच्या घराच्या जोत्याकडे चालू लागल्या. कपड्याला लावलेला लॅपल माइक काढायचा राहून गेला होता आणि मित्राने कॅमेरा बंद केला नव्हता. जिथे पूर्वी उंबरा होता तिथे आजी थांबल्या, चपला काढल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. पायाच्या अंगठ्याने सुकलेल्या गाळावर रेघ ओढत म्हणाल्या, "ही न्हाणी. हांगा चूल आसली." आणि चुलीपुढे बसतात तशा उकिडव्या बसून राहिल्या. माइकवर त्यांचा श्वास ऐकू येतो.

घरी आल्यावर निवेदन अख्खं काढून टाकलं. नुसतं 'माहितीपट' ठरवून भागत नाही. निवेदनावर चालणारा, मुलाखतींवर चालणारा आणि काही न बोलता बघत राहणारा, असे त्यातही प्रकार आहेत. आम्ही पहिला ठरवून गेलो आणि तिसरा घेऊन आलो. सहा तासांच्या फुटेजमधून बारा मिनिटं काढायला पाच आठवडे लागले. तेवढा वेळ आधीच राखून ठेवा. माहितीपटाची खरी पटकथा संकलनाच्या टेबलावरच लिहिली जाते.

डिचोलीकर

थ्रिलरवाल्या मित्रासाठी लिहितो. आमच्या पहिल्या मसुद्यात पाच पानांत तीन खून होते. सरांनी वाचलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी पिस्तूल जवळून कुणी पाहिलंय?" कुणीच नाही. "आणि बँकेचा फोन आल्यावर घरातल्यांचे चेहरे?" मी हात वर केला.

2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. चाकांखाली गवत उगवलं. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा दर रविवारी इंजिन चालू करून दहा मिनिटं केबिनमध्ये बसायचे. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या माडावर. हे मी गटात पहिल्यांदाच बोललो.

आम्ही थ्रिलर सोडला नाही, पिस्तूल सोडलं. सकाळी ट्रक ओढून न्यायला माणसं येणार आहेत आणि मध्यरात्री बाप अंगणात उतरतो, एवढीच गोष्ट. प्रेक्षकाच्या मनात 'आता हा काय करणार' हा प्रश्न शेवटपर्यंत जागा राहिला की तो थ्रिलर. एक अंगण, एक ट्रक, तीन माणसं, दोन रात्री. शूटिंग ठरलेल्या दिवशी संपलं. बाबांनी फिल्म उभं राहूनच बघितली.

पान एक मिनिट एक

मी शिकवते, त्यामुळे थोडं वेगळं सांगते. गोष्ट आधी येऊ दे हे खरं, पण गटात सहाजण असतील तर जॉनर लवकर ठरवाच. नाहीतर कॅमेरावाला एक फिल्म घेत असतो आणि संकलक दुसरीच कापत असतो. इफ्फीतल्या क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो उपक्रमात तरुण मुलं 48 तासांत लघुपट पूर्ण करतात. तिथे पहिले काही तास घोळ घालून चालतच नाही.

मुली, हा प्रयोग करून बघ. एकच प्रसंग घ्या : नात आजीची बंद पेटी उघडते. हॉररवाल्यांनी तो एका पानात हॉरर म्हणून लिहायचा, थ्रिलरवाल्याने थ्रिलर म्हणून. माहितीपटवाल्यांनी काय दिसेल आणि कुणाला काय विचारणार ते लिहायचं. मग आजीच्या घरी बसून तिन्ही पानं मोठ्याने वाचा. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट, त्यामुळे दहा मिनिटांना नऊ पानांच्या वर जाऊ नका, श्रेयनामावलीलाही जागा लागते. रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, ज्या वेळी शूटिंग करणार त्याच वेळी जा. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू किती वाजता येतो, शेजारचा पंप कधी सुरू होतो, सगळं लिहून ठेवा. प्रत्येक जागी तीस सेकंद कुणी न बोलता तिथली शांतता रेकॉर्ड करा. पंचायतीला पत्र आधीच द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आजीच्या वसरीवर बसून तिन्ही पानं वाचली. हॉररचं पान खरंच चांगलं झालं होतं. ते संपल्यावर आजी म्हणाली, "पेटीची चावी मागितली असतीस तर दिली असती गो." आणि आत जाऊन तिने पेटी उघडली. लुगड्यांच्या खाली तिची मराठी शाळेतली वही निघाली, पोर्तुगीज अमलातली. कडा वाळवीने खाल्लेल्या, मधली पानं धड. कित्ता गिरवलेला, आणि एका पानावर दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर. ते कुणाचं म्हणून विचारलं, तर तिने वही मिटली.

त्या अक्षराने थ्रिलरवाल्यालाही खेचलंय. माहितीपट करायचं ठरतंय, निवेदनाशिवाय. हॉररवाले दोघे आवाज बघणार आहेत. पेटीची कडी त्यांनी कालच रेकॉर्ड केली. रविवारी सकाळी सात ते नऊ रेकी. पुढच्या शनिवार-रविवारसाठी फोंडा किंवा मडगाव भागात कुणाकडे लॅपल माइक मिळेल का? आजी हळू बोलते.