पट्ट्यातल्या कुत्र्यावर मोकळा कुत्रा धावून आला तर नेमके काय करावे?

रोजची_फेरी (प्रश्न):
आमची कुत्री साडेचार वर्षांची असून तिचे वजन ११ किलो आहे. ती भित्री नाही आणि भांडखोरही नाही. गेल्या दोन महिन्यांत तीन वेळा मोकळा कुत्रा तिच्या अंगावर धावून आला. पहिल्या दोन वेळी नुसत्या भुंकण्यावर निभावले, तिसऱ्या वेळी मात्र त्याने तिचा मागचा पुठ्ठा धरला. मी घाबरून पट्टा आखडून घेतला, ती माझ्याभोवती गरगर फिरली, पट्टा गुडघ्यांना गुंडाळला गेला आणि मी खाली आदळलो. हे सगळे चालू असताना त्या कुत्र्याचे मालक पन्नास पावलांवरून “तो काही करत नाही” असे ओरडून सांगत होते. जखम म्हणजे दोन बारीक छिद्रे आहेत आणि ती सुकत आली आहेत. पण आता दाराबाहेर पडल्यावर ती एक पंजा उचलून तशीच उभी राहते आणि बराच वेळ हवा हुंगत राहते. अशा प्रसंगी काय करावे, जवळ काय बाळगावे आणि तिला उचलून घ्यावे की नाही, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

सैलपट्टा:
पट्टा आखडून घेणे साहजिक होते, पण घोटाळा तिथेच झाला. पट्टा ताणला की कुत्र्याची मान वर जाते, छाती पुढे येते आणि समोरच्याला ते आव्हान वाटू शकते. शिवाय मोकळे असते तर जे कुत्रे वळसा घेऊन, तोंड फिरवून किंवा जमीन हुंगून ‘मला भांडायचे नाही’ असे सांगू शकले असते, त्याची ती भाषाच आखूड पट्टा हिरावून घेतो.

माझ्या मते अशा प्रसंगाचा निकाल बहुतेक वेळा दोन कुत्री एकमेकांना भिडण्यापूर्वीच लागलेला असतो, म्हणून येणारे कुत्रे दुरूनच वाचायला शिकावे. उसळ्या मारत, अंग सैल सोडून, नागमोडी येणारे कुत्रे बहुधा खेळायला येत असते. सरळ रेषेत, डोके खांद्यांच्या पातळीवर ठेवून, तोंड मिटून आणि नजर रोखून येणारे कुत्रे मात्र वेगळ्या इराद्याने निघालेले असते. शेपूट हलते म्हणजे मैत्री, हा समज सोडून द्या. ताठ उभी शेपूट नुसती टोकाशी थरथरत असेल, तर ते ताणाचे लक्षण आहे.

अंतर शिल्लक असेल तर मागे वळून निघून जावे, पण पळू नये, कारण पळणाऱ्याचा पाठलाग करणे कुत्र्याच्या अंगातच असते. हे वळणे आधी घरात शिकवावे लागते. ‘चल मागे’ असा एकच शब्द ठरवा, तो उच्चारून वळा आणि ती तुमच्याबरोबर वळली की लगेच खाऊ द्या. रस्त्यावर आजूबाजूला कोणी नसतानाही हा सराव चालू ठेवा, म्हणजे तो शब्द तिला संकटाची सूचना वाटणार नाही.

अंतर उरले नसेल तर तिला पाठीशी घेऊन तुम्ही मध्ये उभे राहा, तळहात पुढे करा आणि खालच्या, ठाम आवाजात “बस!” किंवा “घरी जा!” असे म्हणा. पाळलेल्या कुत्र्यांना हे शब्द ओळखीचे असतात, त्यामुळे ती निदान क्षणभर थबकतात. त्याच क्षणी खाऊ त्याच्या तोंडावर भिरकावा, दोन-चार दाणे नव्हे तर चांगला मूठभर, आणि ते जमीन हुंगू लागले की निघा. समोर एकाहून अधिक कुत्री असतील तर मात्र खाऊवरूनच त्यांची जुंपू शकते.

बटण दाबताच उघडणारी छत्री हे माझे आवडते साधन आहे. छत्री उघडली की कुत्र्याच्या नजरेसमोर अचानक भिंत उभी राहते. पण तिची सवय आपल्या कुत्र्याला आधी लावली पाहिजे, नाहीतर पहिले तेच बिथरते. सिट्रोनेलाचा (उग्र वासाच्या गवती तेलाचा) फवारा काही कुत्र्यांना रोखतो, इरेला पेटलेल्याला रोखत नाही. मिरचीचा फवारा (पेपर स्प्रे) मी बाळगत नाही, कारण वारा फिरला की तो आपल्याच डोळ्यांत येतो आणि तो वापरण्याचे कायदेही सगळीकडे सारखे नाहीत. लांबणारा दोरीचा पट्टा तर आजच बंद करा. ती बारीक दोरी कातडी कापते आणि ऐन वेळी कुत्रे जवळ घेता येत नाही. दीड-दोन मीटरचा साधा पट्टा आणि पाठीवर मूठ असलेला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) पुरेसा आहे.

जुंपलीच तर तोंडांच्या मध्ये हात घालू नका आणि गळपट्टाही धरू नका. त्या आवेगात आपले कुत्रेसुद्धा आपल्याला चावते. पाणी ओतावे किंवा डोक्यावर जाकीट टाकावे. दोन माणसे असतील तर प्रत्येकाने एकेका कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांशी धरून हातगाडीसारखे उचलावे आणि वळसा घेत मागे सरावे, म्हणजे त्याला उलटून चावता येत नाही. दात रुतलेले असताना मात्र ओढू नका, त्याने लचका तुटतो.

पशुवैद्य_निवृत्त:
‘दोन बारीक छिद्रे’ हे शब्द वाचून मला काळजी वाटली. कुत्र्याची कातडी सैल असते; त्यामुळे दात आत गेल्यावर झटका बसला की वर छिद्र मोहरीएवढे दिसते आणि खाली स्नायू फाटलेला असतो. वरचे तोंड बंद होऊन आत पू साठतो आणि दोन-तीन दिवसांनी सूज येते, म्हणून ‘सुकत आली आहे’ यावर विसंबू नका. केस कापून जखम तपासून घ्या. मान, छाती किंवा पोटावरचा चावा, फिकट हिरड्या आणि धाप ही तातडीची लक्षणे आहेत. मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला धरून झटकले असेल, तर वर काही न दिसताही आत इजा असू शकते. घरी फक्त सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने धुवावे. हायड्रोजन पेरॉक्साइड पुनःपुन्हा ओतल्याने भरून येणाऱ्या पेशींचीच हानी होते. तिचे रेबीजचे लसीकरण वेळच्या वेळी झाले असले तरी बूस्टरबद्दल डॉक्टरांना विचारा. तुम्हाला ओरखडा जरी उठला असेल, तरी ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवे होते. ते राहिले असेल तर आज जा.

तीन_किलोची_राणी:
उचलण्याबद्दल कोणीच लिहिले नाही. उचलू नये असे सर्रास सांगतात आणि त्यामागचे कारण खरे आहे: उचललेल्या कुत्र्याकडे दुसरे कुत्रे झेप घेते आणि चावा आपल्या हाताला बसतो. परंतु माझे कुत्रे ३ किलोचे आहे, त्यामुळे मोठ्या जबड्यापुढे त्याला जमिनीवर सोडून देणे मला पटत नाही. मी ते फार लवकर, शांतपणे उचलते, छातीशी धरून पाठ फिरवते आणि जवळची गाडी किंवा कुंपण मध्ये घेते. ११ किलोच्या कुत्रीला घाईत उचलताना तोल जाईल, म्हणून तुम्ही हार्नेसच्या मुठीने तिला मागे ओढणेच बरे.

रोजची_फेरी:
सर्वांचे आभार. काल केस कापून घेतले, तेव्हा एका छिद्राखाली खरोखरच लिंबाएवढी पोकळी निघाली आणि आता प्रतिजैविके चालू आहेत. मला हाताला खरचटले होते, त्यासाठी मीही दाखवून आलो. तिचे दाराशी थबकणे मात्र तसेच आहे. तिला ओढून न्यावे का?

सैलपट्टा:
अजिबात ओढू नका. ती हवा हुंगत असताना पट्टा सैल ठेवून उभे राहा आणि ती स्वतःहून तुमच्याकडे वळली की खाऊ द्या. काही दिवस फेरी दारापासून वीस पावलांचीच असली तरी चालेल. वेळ आणि वाट दोन्ही बदला, आणि त्या मालकांशी रस्त्यात वाद घालण्याऐवजी घटनेची तारीख, वेळ, जखमेची छायाचित्रे व उपचारांची पावती जोडून स्थानिक प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. तिसऱ्या खेपेची तर द्याच; पहिल्या दोन्हींच्या तारखा आठवत असतील तर त्याही त्यात लिहा.