स्वपचन आणि स्वभक्षण: वेगळं कसं लिहायचं?

मधुमालती: एका लेखाचं भाषांतर करतेय. स्वादुपिंडाच्या अ‍ॅक्यूट आजारात मायक्रोआरएनए नावाचे आरएनएचे छोटे तुकडे पेशींच्या ऑटोफॅजीवर कसा अंकुश ठेवतात, हा विषय. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचेच मोडके भाग मोडून परत वापरणं; तिला मी ‘स्वपचन’ लिहिलं. पुढे ट्रिप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) आलं: आतड्यात पोचायच्या आधीच जागं होतं आणि स्वादुपिंडालाच पचवू लागतं. १८९६ साली हान्स कियारीने मांडलेली ही कल्पना, तीही ‘स्वपचन’च. आता माझं वाक्य असं झालंय: ‘स्वपचन अडल्यामुळे स्वपचन सुरू होतं.’ संपादकांनी लाल रेघ मारलीय.

वाचस्पती: ग्रीकमध्ये ‘फॅगेन’ म्हणजे खाणं. पेशीशास्त्रज्ञ द दूव्ह यांनी १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’ हा शब्द घडवला तो त्याच धातूवरून. म्हणून स्वभक्षण. पचन निराळं. मिटलं.

खारीचा वाटा: मिटलं कसं? भक्षण राक्षस करतात. इथे मोडकी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) पुटिकेत, म्हणजे छोट्या पिशवीत, बांधायची, लयकारिकेकडे (लायसोसोम, पेशीतली पचवणारी पिशवी) द्यायची, सुटे भाग परत वापरायचे. मी ‘आवराआवर’ म्हणेन.

वाचस्पती: आणि ऑटोफॅगोसोमला, म्हणजे त्या पुटिकेला, आवराआवरपुटिका? पारिभाषिक शब्दाला समास पेलता आले पाहिजेत हो.

दवाखाना: शब्द कोणताही घ्या, पण आवराआवर अर्धवट राहते हे वाक्यात दिसू द्या. या आजारात ऑटोफॅजी सुरू होते, तडीस जात नाही. लयकारिकांचं काम बिघडतं, पेशीत रिक्तिका (द्रवाच्या पिशव्या) साचतात, आणि कॅथेप्सिन बी हे विकर तिथेच झोपलेल्या ट्रिप्सिनोजेनचं जागं ट्रिप्सिन करून टाकतं. ‘स्वभक्षण वाढलं’ आणि ‘स्वभक्षण तुंबलं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) तुकडा, प्रथिन बनवायचा निरोप मध्येच अडवणारा. मीर-३७५ हा असाच एक मायक्रोआरएनए एटीजी७ या प्रथिनाचा निरोप दाबतो. ते प्रथिन नसेल तर पुटिकाच धड बनत नाही.

मधुमालती: दाबतो की दाबतं?

वाचस्पती: आरएनए म्हणजे रायबोन्यूक्लिक आम्ल; आम्ल नपुंसकलिंगी, तेव्हा दाबतं. आणि ‘सूक्ष्म आरएनए’ लिहा.

दवाखाना: नको. ‘स्मॉल इंटरफिअरिंग’ नावाचे वेगळे आरएनए आहेत. सूक्ष्म आणि लघु यांत वाचक हरवेल. अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं तेव्हा मराठी बातम्यांतही मी मायक्रोआरएनएच वाचलं. लिंगाचं मात्र तुमचं मान्य.

पंढरीनाथ: ऑटोफॅजीलाही २०१६ चं नोबेल आहे, ओसुमी यांना. उपाशी पेशी स्वतःतला कचरा खाते. म्हणजे आपली एकादशीच की!

खारीचा वाटा: ओसुमींनी ते यीस्टमध्ये पाहिलं. त्या यीस्टला साबुदाण्याची खिचडी नव्हती, पंढरीनाथ.

सासवडकर: माझा आक्षेप वेगळाच. अ‍ॅक्यूटला सगळे ‘तीव्र’ म्हणतात. पण अ‍ॅक्यूट म्हणजे अचानक उद्भवलेलं, आणि यातले बहुतेक रुग्ण सौम्य गटातले. मग काय, ‘सौम्य तीव्र स्वादुपिंडदाह’?

वाचस्पती: आयुर्वेदात ‘आशुकारी’ आहे, उलट ‘चिरकारी’. तयार शब्द धूळ खात पडलेत.

दवाखाना: रुग्णाला आशुकारी सांगून बघा. ‘दाह’ म्हटलं तरी ‘पित्ताची गोळी घेऊ का?’ विचारतात. मी ‘स्वादुपिंडाला एकदम सूज आलीय’ सांगतो. कळतं.

वाचस्पती: ते बोलणं झालं, परिभाषा नव्हे.

मधुमालती: पण माझं वाक्य? उद्या द्यायचंय.

सासवडकर: मुळात स्वादुपिंडात स्वादु काय आहे? इंग्रज खाटीक त्याला स्वीटब्रेड म्हणतात, तिथूनच उचललं असणार.

वाचस्पती: पुरावा?

सासवडकर: माझी खात्री. त्यापेक्षा हिंदीतलं ‘अग्न्याशय’ बरं, पचनाचा अग्नी तरी आहे त्यात.

वाचस्पती: अग्न्याशय मराठीत घुसवणार असाल तर मी चाललो.