फ्रीबीएसडीच्या सोर्सची स्थानिक प्रत अद्ययावत कशी ठेवावी?

वाईकर७:
नमस्कार. माझ्या जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी १४.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. वायफायच्या ड्रायव्हरमध्ये मी छोटासा बदल करून पाहतो आहे, त्यासाठी लागणारा सोर्स (सिस्टिमचा मूळ कोड) इन्स्टॉल करतानाच घेतला होता. पुढे आलेल्या सुरक्षा दुरुस्त्या त्यातही याव्यात म्हणून त्याच ‘एसआरसी’ डिरेक्टरीत गिट या साधनाने क्लोन (सोर्सची इतिहासासह प्रत) करायला गेलो, तर डिरेक्टरी रिकामी नाही असे सांगून गिटने नकार दिला. जुन्या लेखांत सोर्स उतरवायला कोणी सीव्हीसप हे साधन सुचवतो, कोणी सबव्हर्जन. शिवाय माझे इंटरनेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालते आणि मोठे डाउनलोड अर्ध्यातच तुटते. काय करावे?

खटपट्या:
ते दोन्ही लेख बाजूला ठेवावेत. सोर्स २००८ मध्ये सीव्हीएसवरून (सीव्हीसप ज्यासाठी होते ती जुनी आवृत्ती-नोंद प्रणाली) सबव्हर्जनवर आणि २०२० च्या डिसेंबरात गिटवर गेला. इन्स्टॉलरने दिलेला सोर्स म्हणजे नुसते उघडलेले टारबॉल (फाइलींचे गाठोडे). त्यात गिटचा इतिहास नसल्यामुळे तो गिटने तेथल्या तेथे अद्ययावत करता येत नाही. डिरेक्टरीचे नाव बदलून ठेवा (पुसू नका, तुमचा बदल तीत आहे) आणि ‘रेलेंग १४.२’ ही शाखा (१४.२ आवृत्तीचा सोर्स व तिच्या दुरुस्त्या) नव्याने क्लोन करा. ‘मेन’ ही विकासाची शाखा आहे, तिच्या वाटेला जाऊ नका.

खरी मेख पुढे आहे. फ्रीबीएसडी-अपडेट या सिस्टिम अद्ययावत करणाऱ्या साधनाच्या कॉन्फिग फाइलीत ‘कंपोनंट्स’ या ओळीवर वर्ल्ड (मूळ प्रोग्रॅम) आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) यांच्याबरोबर ‘एसआरसी’ हा शब्दही मुळातच असतो, त्यामुळे ते साधन त्याच डिरेक्टरीतल्या फाइली परस्पर बदलते आणि पुढच्या पुलच्या (नवे बदल ओढून घेण्याच्या) वेळी ते तुमचेच अर्धवट बदल वाटून गिट अडून बसते. तो शब्द काढून टाका. हे उमगेपर्यंत माझा एक अख्खा रविवार गेला होता.

रूटमाणूस:
हॉटस्पॉटबद्दल सांगतो. तुटलेला क्लोन गिट पुढे चालू करत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. म्हणून ‘डेप्थ १’ देऊन फक्त शेवटची अवस्था उतरवावी. मात्र अशा उथळ क्लोनमध्ये एकच शाखा येते, त्यामुळे उद्या १४.३ वर जाताना ती शाखा सापडणार नाही आणि ती रिमोटच्या (मूळ सर्व्हरच्या) शाखांच्या यादीत हाताने जोडून मग फेच करावी (उतरवावी) लागेल.

तुमचा बदल वेगळ्या शाखेत कमिट करून (गिटमध्ये नोंदवून) ठेवा. मूळ शाखेवर पुल करताना ‘फक्त फास्ट-फॉरवर्ड’ (दोन इतिहास न मिसळता नुसते पुढे सरकणे) हा पर्याय द्या आणि त्यानंतर आपली शाखा तिच्यावर रीबेस करा, म्हणजे आपले बदल तिच्या नव्या टोकावर पुन्हा लावा. पुलमुळे फक्त सोर्स बदलतो, चालू कर्नल आहे तसाच राहतो; तो बदलायला बिल्ड करावे लागते. म्हणून प्रत्येक वेळी बिल्डपूर्वी सोर्समधली ‘अपडेटिंग’ ही सूचनांची फाइल वरच्या नोंदीपासून वाचावी.

वाईकर७:
दोघांचेही आभार. उथळ क्लोन दुसऱ्या प्रयत्नात पूर्ण झाला. ड्रायव्हरची जुनी व नवी डिरेक्टरी डिफ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने ताडून पाहिली, तेव्हा फरक माझ्याच अकरा ओळींचा निघाला; तो पॅच म्हणून नव्या शाखेत लावून कमिट केला आहे. कर्नलचे बिल्ड आता सुरू केले आहे आणि लॅपटॉपचा पंखा तेव्हापासून घोंघावतो आहे.