तरुणांसाठी फुकटचं मराठी चॅनेल सीमाभागात हवंच, पण ते काढणार कोण?

शहापूरचा
इथे बेळगावात पॅक बदलताना केबलवाल्याशी परत वाजलं. मूळ पॅकात कन्नड, हिंदी सगळं; मराठी मनोरंजन पाहिजे तर वेगळे पैसे टाका. २०१९ ला ट्रायचे (केबलचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नवे दर आले तेव्हा १३० रुपये अधिक कर भरला की शंभर फुकटची चॅनेलं, असं होतं. खरं त्या फुकटात कॉलेजच्या पोरांनी बघावं असं मराठीत काय आहे? जुने सिनेमे, भजनं, बातम्या.

माझं म्हणणं एवढंच: अठरा ते तीस वयाच्या पोरांसाठी एक फ्री-टू-एअर मराठी मनोरंजन चॅनेल निघावं, आणि ते डीडी फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या फुकटच्या छत्रीवर, यावं. छत्री एकदा बसवली की महिन्याचं बिल नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, त्याला सीमेवरचा कोगनोळी नाका दिसत नाही. महाराष्ट्रातल्या कागलला जे लागतं तेच कर्नाटकातल्या निपाणीला. बोला.

टिळकवाडी_जाहिरात
जाहिरातीच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. फ्री-टू-एअरला वर्गणी नसते, सगळी भिस्त जाहिरातीवर. जाहिरात बार्कच्या, म्हणजे कोण काय बघतं ते मोजणाऱ्या संस्थेच्या, आकड्यांवर ठरते आणि मराठी चॅनेलचे जे आकडे बघितले जातात ते 'महाराष्ट्र-गोवा' बाजाराचे. आपण मोडतो कर्नाटकात. म्हणजे बेळगावच्या घरात दिवसभर मराठी चालू असलं तरी मुंबईत बसून जाहिरातीचा पैसा वाटणाऱ्याच्या तक्त्यात आपण शून्य. शिवाय फ्री डिशवरच्या जागेचा दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती लिलाव करते. ती रक्कम मोजून, ज्यांची मोजदादच नाही अशा पोरांसाठी कार्यक्रम कोण काढेल?

निपाणीकर
मग साबणवाला निपाणीत साबण विकत नाही काय?

टिळकवाडी_जाहिरात
विकतो की. कन्नड आणि हिंदी चॅनेलवर जाहिरात देऊन विकतो, आणि तुम्ही तीही बघताच. तुमच्यासाठी तो दुसऱ्यांदा पैसे का घालवेल?

अनगोळची
मी याच वयाची, म्हणून बोलते. आमच्या घरी टीव्ही म्हणजे आईचा. मी आणि माझ्या मैत्रिणी फोनवर बघतो, तेही कन्नड, मराठी, हिंदी असं काहीही. समजा चॅनेल आलं, तर त्यात आम्ही कुठे? कॉलेज पुण्याचं, फ्लॅट ठाण्याचा. आमच्यासारखं बोलणारं माणूस आलंच तर ते विनोदाला, नाहीतर गावाकडचा काका म्हणून. असलं फुकटही नको.

वडगाव_माग
ताई, फोन सगळ्यांच्या हातात नसतो. म्हणजे असतो, खरं हात मोकळा नसतो. आमच्याकडे घरातच यंत्रमाग आहेत. धागा तुटला की दोन्ही हात त्यात. टीव्ही भिंतीवर उंच लावलाय, आवाज पूर्ण, तरी निम्मं ऐकू येत नाही. माझी दोन्ही पोरं तुमच्याच वयाची, मागाशेजारी उभं राहून मान वर करून बघतात. बघतात काय, तर हिंदीत डब केलेला मारधाडीचा सिनेमा. तोही कालच बघितलेला. फ्री डिशच आहे आमची. शहापूरच्या भावाचं मला पटलं.

खानापूर_रानातला
+१. जांबोटीच्या वर कणकुंबीकडे या, रेंजसाठी बांधावर उभं राहावं लागतं. तिथे रील्स कुठले? छत्रीच आहे.

टिळकवाडी_जाहिरात
कणकुंबीच्या पावसात छत्रीला सिग्नल राहतो काय हो?

खानापूर_रानातला
जोराच्या सरीत नाही राहत. खरं सर सरली की येतो. रेंज सर सरली-बिरली तरी येत नाही.

क्लब_रोड
तरुणांसाठी चॅनेल चालत नाही हे जगात सगळीकडे खरं नाही. बीबीसी थ्री घ्या: १६ ते ३४ वयोगटासाठी काढलेलं फुकटचं चॅनेल. 'पोरं आता ऑनलाइन बघतात' म्हणून २०१६ मध्ये टीव्हीवरून काढलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परत टीव्हीवर आणलं. टिळकवाडीकर, याला काय म्हणाल?

टिळकवाडी_जाहिरात
म्हणेन की बीबीसीला तिथली घरं लायसन्स फी भरतात. तिचे कार्यक्रम साबणावर चालत नाहीत. आपल्याकडचं बघा: झी युवा २२ ऑगस्ट २०१६ ला नावातच 'युवा' घेऊन आलं. कॉलेजच्या गोष्टींनी सुरुवात झाली. पुढे हेच सगळीकडे होतं: तरुण हे दुपारी घरात नसणारं गिऱ्हाईक, आणि रेटिंग देतात ते घरात असणारे. मग तरुणांचं चॅनेल हळूहळू सगळ्यांचं होतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही, हिशोब आहे.

निपाणीकर
हिशोब हिशोब काय लावलाय? भाषेला हिशोब लावला असता तर आपल्या मराठी शाळा कधीच बंद पडल्या असत्या.

अनगोळची
दादा, शाळा आणि मालिका एका तराजूत घालू नका. आणि सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो या धाग्यात कशाला? माझ्या ग्रुपमधली निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात. आम्ही एकत्रच बघतो, एकत्रच हसतो. उद्या यूट्यूबवर दोन्ही भाषा मिसळून काही काढलं तर मी पहिली काम करीन. चॅनेलची वाट बघत बसायला मला वेळ नाही.

वडगाव_माग
काढा की. चांगलं आहे. आमच्या भिंतीवर ते कसं लागेल तेवढं सांगा.

शहापूरचा
टिळकवाडीकरांचा हिशोब मला मान्य आहे आणि म्हणूनच त्यातून एक वाट दिसते. खासगी चॅनेल आपल्यासाठी निघणार नाही, ठीक. खरं सह्याद्री आहे की. सरकारी आहे, रेटिंग पडलं म्हणून बंद होत नाही, फ्री डिशवर आत्ताही लागतं. रात्री नऊचा एक तास तरुणांना द्या, आणि त्यात बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारच्या पोरांचं नाटक, बँड, स्टँड-अप दाखवा. अनगोळच्या ताईंनी फोनवर काढलेलंही चालेल, कन्नडमिश्रित असलं तरी. वडगावच्या दादांच्या भिंतीवर ते आपोआप लागेल.

क्लब_रोड
हे पटलं. आठवड्याला एक तास मिळाला तरी बास.

टिळकवाडी_जाहिरात
अर्ज कुणाच्या नावाने? मुंबई दूरदर्शन म्हणेल तुम्ही कर्नाटकात. बेंगळूरु म्हणेल आमचं कन्नड चॅनेल चंदना बघा.

निपाणीकर
दोन्हीकडे टाका. झेरॉक्स माझ्याकडे फुकट.