अनुभव धागा: गणिती शब्दांची कोडी आणि आपली फजिती

व्यास महाभारत रचतात आणि वर्तुळाचे दोन सारखे तुकडेही करतात. अशा दुहेरी शब्दांवर कोडी घातलीत, सोडवलीत, त्यांवरून भांडलात? लिहा इथे.

सुरुवात माझ्यापासून. भाचीने विचारलं, "भाच्यानं मारला, तरी उदाहरण सोडवताना पहिला मान त्याचाच. कोण?" 'कंचेभागुबेव' घोकून मोठी झालेली मी पंधरा मिनिटं गप्प! कंस हो. वर तिनेच ऐकवलं, "मावशी, तो वर्तुळावरही वाकून बसलेला असतो."

*

मी शिकवतो. एकदा ऐटीत कोडं घातलं: 'चारही बाजू सारख्या, आत मुलं बसतात.' उत्तर वर्ग. मागच्या बाकावरून आवाज, "सर, आकृती असेल तर चौरस. वर्ग संख्येचा." बरोबरच होतं त्याचं. घरी जाऊन दुरुस्ती केली: 'तीनचा केला तर नऊ, मुलांचा भरला तर गोंगाट.' आता हे माझं सगळ्यात लाडकं कोडं आहे, श्रेय मात्र मागच्या बाकाचं.

*

आमच्याकडे 'जीवा'वरून रण पेटलं. मी लिहिलं होतं, 'होता म्हणून वाचला शिवा, जोडतो वर्तुळावरचे दोन बिंदू.' आत्या व्याकरणवाली. म्हणाली, म्हणीतला जिवा ऱ्हस्व आणि पुल्लिंगी, वर्तुळातली जीवा दीर्घ आणि स्त्रीलिंगी, कोडं बाद! तोंडी कोड्यात इतकं चालतं, असं माझं अजूनही मत आहे. (आत्या हे वाचणार, माहीत आहे.)

*

तापाने फणफणले होते तेव्हा नवऱ्याने विचारलं: 'अपूर्णांकात वरच्या मजल्यावर राहतो, कोनात मोजला जातो आणि सध्या तुझ्या अंगात चढलाय.' अंश! थर्मामीटर तोंडात असल्याने उत्तर बोटाने हवेत लिहिलं.

*

मला अर्थाच्या कोड्यांपेक्षा लपवलेले शब्द आवडतात. दोन शब्दांच्या सांध्यात गणित दडवायचं. मराठीत हे अवघड जातं, काना-मात्रा मध्येच आडव्या येतात आणि जोडाक्षर आलं की खेळ खलास. बऱ्याच खाडाखोडीनंतर जमलेलं एक वाक्य: 'बघ, नको नवीन, रस मला जुन्यातच.' यात घन, कोन आणि सम आहेत. मित्राला फक्त घन सापडला आणि बाकीचे दोन दाखवल्यावर "ही फसवणूक आहे" म्हणाला.

तुमच्यासाठी ताजं, यात दोन आहेत: 'रूप दडवून बघा तरी!'